नकाशाच्या आधीची पायपीट

मुंबई विद्यापीठाने १९१९ साली समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू केला. त्या विभागाचे पहिले प्राध्यापक म्हणून जे गृहस्थ आले, ते तेव्हा पासष्टीच्या घरात होते. विद्यापीठाची एकही पदवी त्यांच्या नावापुढे नव्हती. ती त्यांनी कधी घेतलीच नव्हती. आयुष्यातली तीसेक वर्षे त्यांनी स्कॉटलंडमधल्या डंडी या गावी वनस्पतिशास्त्र शिकवले होते. मुंबईला येण्याआधीच्या पाच वर्षांत त्यांनी तंजावरपासून लाहोरपर्यंत आणि बडोद्यापासून ढाक्यापर्यंत कितीतरी शहरांचे गल्लीबोळ पायाखाली घातले होते आणि त्या शहरांवर एकामागून एक अहवाल लिहिले होते. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. वनस्पतिशास्त्रज्ञाला समाजशास्त्राच्या खुर्चीवर बसवण्यात विद्यापीठाने काही विक्षिप्तपणा केला असे मला वाटत नाही. झाड जिथे उगवते तिथली माती, पाणी आणि ऊन समजून घेतल्याशिवाय झाड समजत नाही, हे ज्याने हयातभर शिकवले, त्याने वस्तीकडेही त्याच नजरेने पाहिले. या पुस्तकाचा विषय ती नजर आणि त्या नजरेतून घडलेला व्यवसाय हा आहे.

लँडस्केप आर्किटेक्ट म्हटले की आपल्याकडे अजूनही इमारत उभी राहिल्यावर हिरवळ अंथरायला आणि शोभेची झाडे लावायला बोलावलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. नगररचनाकार म्हटले की विकास आराखड्यातले रंगीत पट्टे आठवतात. एकाकडे बाग, दुसऱ्याकडे रस्ता, आणि या दोघांच्या मध्ये राहणारी माणसे कुणाच्याच खात्यावर नाहीत, अशी ही वाटणी आहे. गेडिस यांनी ती कधीच मान्य केली नाही. ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ ही उपाधी अमेरिकेत फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या कामातून रूढ केली. ब्रिटनमध्ये ती स्वतःला लावणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत गेडिस होते. पण त्यांच्या लेखी बागेचे काम गल्लीतल्या विहिरीपाशी सुरू होई आणि तिथल्या शेजाऱ्यांशी बोलल्याशिवाय पुढे सरकत नसे.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या बॅलटर या गावचा. बालपण पर्थ शहराजवळच्या टेकडीवरच्या एका छोट्या घरात गेले. वडील सैन्यात होते आणि बागकाम त्यांनीच मुलाला शिकवले. टेकडीवरून खाली पर्थ शहर दिसे, त्याला वळसा घालून जाणारी टे नदी दिसे, आणि नदीच्या दोन्ही अंगांना डोंगरापासून शेतांपर्यंत उतरत आलेला मुलूख दिसे. पुढे त्यांनी जी ‘दरीचा छेद’ नावाची आकृती काढली, ती या दृश्यातून आली असे त्यांचे चरित्रकार सांगतात, आणि ते पटते. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत जमीन उतरत जाते. तिच्यावर खाणकामगार, लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी, बागाईतदार आणि कोळी आपापल्या उंचीवर वसलेले असतात. आणि शहर म्हणजे या सगळ्यांच्या कामांची नदीकाठी पडलेली गाठ. सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणात उतरलेल्या वाचकाला ही आकृती समजावून सांगावी लागत नाही. धनगराचा वाडा, उतारावरची नाचणी, खाचरातला भात, मग माड-पोफळीची वाडी आणि शेवटी कोळीवाडा, हा क्रम आपल्या पायांना ठाऊक आहे.

तरुणपणी ते लंडनला टी. एच. हक्स्ले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले. तिथून फ्रान्सला गेले आणि तिथे फ्रेडरिक ल प्ले यांच्या विचारांशी त्यांची गाठ पडली. समाज समजून घ्यायचा तर स्थळ, काम आणि कुटुंब ही तीन टोके धरून घ्यावा, हे ल प्ले यांचे सूत्र. गेडिस यांनी त्यातल्या कुटुंबाच्या जागी लोक आणले आणि ते सूत्र आयुष्यभर सोडले नाही. १८७९ साली ते मेक्सिकोत नमुने गोळा करायला गेले असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपत असताना, विचार असेच चौकटींत मांडता येतील, हे त्यांना सुचले. पुढे घड्या घातलेल्या कागदावर चौकोन पाडून त्यांत कल्पना मांडण्याची त्यांना सवयच लागली. त्यांचे काही लेखन या चौकोनांमुळे दुर्बोध झाले, हे त्यांच्या चाहत्यांनीही कबूल करावे. त्यांचे मोठेपण त्या आकृत्यांत शोधू नये, असे माझे मत आहे. ते त्यांच्या पायांत होते.

एडिंबरा शहरातली त्यांची सुरुवात पाहिली की हे लक्षात येते. १८८६ साली त्यांचे ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाले. शहराच्या नव्या भागात, बरोबरीच्या लोकांत घर घेणे त्यांना सहज शक्य होते. त्याऐवजी हे जोडपे जुन्या शहरात, जेम्स कोर्ट नावाच्या चौकातल्या एका चाळवजा इमारतीत राहायला गेले. किल्ल्यापासून उतरणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच, काळवंडलेली दगडी घरे, एकेका खोलीत एकेक कुटुंब, अरुंद बोळ, साचलेला कचरा. श्रीमंत मंडळी तिथून केव्हाच निघून गेली होती. गेडिस दांपत्याने सुरुवातीला कसलाही आराखडा काढला नाही. आपल्या दाराबाहेरची जागा झाडली, भिंतीला चुना लावला, खिडक्यांत फुलांचे खोके ठेवले. शेजारी बघत राहिले, मग त्यांच्यातले काहीजण हाताशी आले. हळूहळू चौक बदलला. पुढे त्यांनी जुनी घरे विकत घेऊन दुरुस्त केली, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. किल्ल्याच्या पायथ्याशी रॅम्से गार्डन ही वसाहत उभी केली, ती प्राध्यापकांनी आणि कलावंतांनी पुन्हा जुन्या शहरात राहायला यावे म्हणून. या सगळ्यात ते कर्जात बुडाले आणि मित्रांना कंपनी काढून ती मालमत्ता सांभाळावी लागली. ॲनाबाईंनी हा संसार कसा निभावला, याबद्दल चरित्रांतून फार थोडे वाचायला मिळते, आणि ही उणीव मला टोचते.

१८९२ साली त्यांनी किल्ल्याजवळचा एक मनोरा घेतला. त्याच्या माथ्यावर भिंगांची जुनी व्यवस्था होती. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या मेजावर बाहेरचे जिवंत शहर उमटत असे. पाहुण्याला ते थेट वर घेऊन जात. आधी मेजावरचे शहर पाहायचे, मग गच्चीवरून उघड्या डोळ्यांनी पाहायचे, आणि नंतर एकेक मजला उतरत एडिंबरा, स्कॉटलंड, इंग्रजी बोलणारे देश, युरोप आणि सर्वांत खाली जग. जगाकडे जायचा जिना आपल्या गल्लीतून उतरतो, हे शिकवण्याची ही त्यांची पद्धत. त्याच मनोऱ्यातून पुढे जुन्या शहरातल्या पडीक जागांची पाहणी निघाली. पडकी घरे पाडून उरलेले तुकडे, भिंतींमागचे कोपरे, कुणाच्याच मालकीचे नसल्यासारखे उतार अशा जागा नकाशावर नोंदल्या गेल्या आणि त्यांतल्या काहींच्या बागा झाल्या. त्या कामात त्यांची मुलगी नोरा हिचा वाटा मोठा होता. तिने मुलांसाठी बागा आखल्या आणि शेजारपाजारच्या लोकांकडून त्या करून घेतल्या.

१९०३ साली पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी डनफर्मलिन या आपल्या जन्मगावाला पाच लाख पौंड दिले. त्या पैशातून उद्यान कसे करावे, हे सुचवायला गेडिस यांना बोलावले गेले. उद्यानाच्या आराखड्याऐवजी त्यांनी सबंध शहराच्या भवितव्यावर एक जाडजूड सचित्र ग्रंथ लिहून दिला. ओढा आधी स्वच्छ करा, जुन्या झोपड्या आणि गिरण्या पाडू नका, उद्यानाच्या कडेला शहराचा इतिहास, हस्तव्यवसाय आणि निसर्ग शिकवणाऱ्या संस्था उभ्या करा, असे त्यात होते. विश्वस्तांनी ते स्वीकारले नाही. गेडिस यांच्या कारकिर्दीत हे वारंवार घडले: मागितले त्यापेक्षा कितीतरी जास्त त्यांनी दिले, आणि देणाऱ्याच्या हाती नकार आला. १९०४ सालचा तो ग्रंथ मात्र नगररचनेच्या विद्यार्थ्यांनी पुढे वर्षानुवर्षे वाचला.

भारतात ते आले मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून, १९१४ च्या शरदात. शहरांच्या इतिहासाचे आणि नियोजनाचे त्यांचे प्रदर्शन आदल्या वर्षी बेल्जियममधल्या घेंट इथे गाजले होते. नकाशे, चित्रे, आराखडे असा तो वर्षानुवर्षांचा संग्रह ‘क्लॅन ग्रँट’ या जहाजातून मद्रासला निघाला आणि ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले. गेडिस आणि त्यांचा मुलगा अलास्डेअर दुसऱ्या जहाजात होते, म्हणून वाचले. मित्रांनी घाईघाईने नवे साहित्य जमवून पाठवले आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासला प्रदर्शन भरलेच.

मग फिरणे सुरू झाले. मद्रास इलाख्यातली गावे, मुंबई इलाख्यातली गावे, नागपूर, बडोदे, लखनौ, कपूरथळा, बलरामपूर, जबलपूर, लाहोर, ढाका. त्या काळी शहर सुधारायचे म्हणजे काय करायचे, याची एक ठरलेली रीत होती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि त्यापाठोपाठ १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ता काढला की हवा खेळते आणि रोग जातो, हा समज त्यामागे होता. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते झाले. पाडलेल्या घरांतली गरीब माणसे शेजारच्याच वस्त्यांत शिरली आणि तिथली दाटी वाढली. इतर शहरांचे इंजिनिअरही हाच कित्ता गिरवत होते. नकाशावर पट्टी ठेवायची आणि सरळ रेघ ओढायची. रेघेखाली कुणाचे देवघर आले, कुणाचा आड आला, हे कागदावर दिसत नाही.

गेडिस यांनी याला जो पर्याय दिला त्याला त्यांनी शस्त्रक्रियेचेच नाव दिले, पण राखून केलेल्या शस्त्रक्रियेचे. ती कशी करायची, हे त्यांच्या तंजावर आणि बलरामपूरच्या अहवालांत फार स्वच्छ दिसते. आधी प्रत्येक घर दाखवणारा मोठ्या मापाचा नकाशा घ्यायचा. तो हातात धरून गल्लीगल्लीतून चालायचे. कोणते घर धड आहे, कोणते दुरुस्तीला आले आहे, कोणते पडले आहे, हे एकेक करून त्यावर मांडायचे. विहीर कुठे आहे, झाड कुठे, देऊळ कुठे, बायका पाणी भरताना कुठून जातात, मुले कुठे खेळतात. हे सगळे मांडून झाले की दिसू लागते की दाट वस्तीतही पडक्या घरांच्या आणि उकिरड्याच्या बऱ्याच जागा मोकळ्याच आहेत. दोन-चार पडकी घरे काढली की तीन बोळ एकमेकांना मिळतात आणि एक छोटा चौक तयार होतो. त्यात एक झाड लावायचे, त्याला पार बांधायचा, शेजारची विहीर उपसून साफ करायची, देवळाची डागडुजी करायची. नवा रस्ता काढायचाच असला तर आहेत त्या बोळांना थोडे वळवून आणि रुंद करून तो मिळवायचा. इंजिनिअरच्या योजनेत जिथे ओळीच्या ओळी उठवाव्या लागत, तिथे या रीतीने थोडीच कुटुंबे हलवावी लागत, आणि खर्चही पुष्कळ कमी येई. पण वेळ जास्त लागे. हे काम कचेरीत बसून होत नाही, उन्हात हिंडावे लागते, हे ते अधिकाऱ्यांना परोपरीने सांगत. अधिकाऱ्यांना ते आवडत नसे.

तळ्यांचेही तसेच. डास होतात म्हणून शहरातली तळी बुजवण्याची तेव्हा लाट होती. गेडिस यांनी ठिकठिकाणी तळी वाचवण्यासाठी लिहिले. तळ्यामुळे आसपासच्या विहिरींना पाणी राहते, पावसाळ्यात पूर सामावतो, उन्हाळ्यात हवा थंड राहते. डासांसाठी तळ्यात मासे आणि बदके सोडा, ती अळ्या खातात, असे त्यांचे सांगणे होते. दक्षिणेतल्या देवळांभोवतीच्या रथाच्या रस्त्यांवर त्यांनी मन लावून लिहिले आहे. वर्षातून एकदा देवाचा रथ वळला पाहिजे, एवढ्या एका गरजेपोटी शतकानुशतके कुणाला त्या रस्त्यावर अतिक्रमण करता आले नव्हते. अंगणातल्या तुळशीकडेही त्यांचे लक्ष गेले. जिथे तुळस निगुतीने राखली आहे, ते घर आणि तो बोळ स्वच्छ असतो, हे त्यांनी टिपले आणि नगररचनेच्या अहवालात लिहिले. सरकारी कागदपत्रांत तोपर्यंत आपली घरे रोगाचे आगर म्हणूनच नोंदली गेली होती.

इथे पुण्याची आठवण काढणे भाग आहे. १८९७ साली प्लेग कमिटीने पुण्यात जे केले ते प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. सोल्जर घरात शिरले, माजघरात, देवघरात गेले, सामान रस्त्यावर आणून जाळले, माणसांना उचलून छावणीत नेले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर कमिटीचा अध्यक्ष रँड याच्यावर गोळी झाडली गेली. रोग हटवण्यासाठी लोकांना शत्रू मानले की काय होते, हे त्या वर्षाने दाखवले. त्यानंतर वीस वर्षांनी त्याच रोगाशी इंदुरात गेडिस यांची गाठ पडली.

इंदूर होळकरांचे, मराठी माणसांनी गजबजलेले शहर. तुकोजीराव होळकर तिसरे यांनी शहराच्या विकासासाठी गेडिस यांना बोलावले होते. पाहणीसाठी ते गल्ल्यांतून हिंडू लागले तेव्हा लोक त्यांच्याकडे भयाने पाहत, मुले बोट दाखवत. त्यांनी सोबतच्या माणसाला विचारले. प्लेग घेऊन येणारा म्हातारा साहेब तो हाच, असे लोक म्हणत होते. पुण्यातल्या दहशतीची सावली किती दूरवर पडली होती, हे त्या एका प्रसंगातून कळते. गेडिस महाराजांकडे गेले आणि एका दिवसासाठी आपल्याला महाराजांचे अधिकार द्या, असे मागितले. दिवस ठरला दिवाळीचा.

शहरात दवंडी फिरली. यंदा दिवाळीची मिरवणूक निघेल, पण नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावर जास्तीत जास्त घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून तयार असतील, त्या रस्त्याने ती जाईल. कचरा दरबार फुकट उचलून नेईल. मग घरोघर सुरू झाले ते आपल्या ओळखीचे काम, दिवाळीआधीची आवराआवर, पण या वेळी सगळ्या शहराची मिळून. माळे रिकामे झाले, अडगळ बाहेर आली, उंदरांची बिळे उघडी पडली. गाड्यांमागून गाड्या कचरा निघाला. सोल्जरला जे जमले नव्हते ते इथे लोकांनी आपणहून केले, कारण मिरवणूक आपल्या दारावरून जावी असे प्रत्येक गल्लीला वाटत होते.

मिरवणुकीत हत्ती, उंट, घोडदळ होते, पिकांच्या गाड्या होत्या, लक्ष्मी होती. त्यामागे रोगराईचे राक्षस, अक्राळविक्राळ डास आणि प्लेगचा प्रचंड उंदीर. त्यांच्या पाठोपाठ नव्या झाडूंसह, नव्या पांढऱ्या कपड्यांत, हार घातलेले शहराचे झाडूवाले, रंगवलेल्या गाड्या घेऊन. मग नव्या इंदुराची देवता, पुढे होऊ घातलेल्या वाचनालयाच्या, संग्रहालयाच्या, घरांच्या प्रतिकृती, कारागिरांच्या गाड्या. शेवटी फुले, फळे, आणि घरी नेऊन लावण्यासाठी वाटली गेलेली तुळशीची रोपे. रात्री रावणाबरोबर उंदीरही जाळला. प्लेग ओसरला. त्याचा हंगाम संपत आला होता, हे त्याचे एक कारण, आणि गेडिस यांच्यावर लिहिणाऱ्याने ते सांगितले पाहिजे. पण घराघरातून निघालेली उंदरांची बिळे हेही खरे होते.

या दिवाळीच्या आधीचे काही महिने डोळ्यांपुढे आणले पाहिजेत. १९१७ च्या एप्रिलमध्ये अलास्डेअर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. ॲनाबाई तेव्हा भारतात तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिस यांनी त्यांना ती बातमी कळू दिली नाही. मुलाची आधी आलेली पत्रे ते त्यांना वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये त्या गेल्या. ही दिवाळी त्याच वर्षीची.

इंदूरचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत निघाला. खान आणि सरस्वती या नद्यांच्या काठांवर बागा, मैल्याचे पाणी नदीत न सोडता शेतामळ्यांकडे वळवणे, गिरणी कामगारांची घरे, आणि दुसऱ्या खंडात मध्य भारतासाठी एका विद्यापीठाची कल्पना, असा त्याचा आवाका आहे. त्यांच्या सगळ्या लिखाणात मला तो सर्वांत परिपूर्ण वाटतो. १९१५ साली आलेल्या ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ या त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकापेक्षाही. पुस्तकात ते सिद्धांत सांगतात. अहवालात एखाद्या म्हातारीचा ओटा रस्त्यासाठी का कापू नये, हे सांगतात.

मुंबईच्या वर्गात मात्र त्यांचे बोलणे दाढीतच राही, अशी आठवण त्यांना ऐकलेले अनेकजण सांगतात. तरीही त्या वर्गाने मराठी माणसाला एक मोठी गोष्ट दिली. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्या वर्गात बसले, ‘मुंबई: एक नागरी केंद्र’ या विषयावर निबंध लिहिला आणि विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले. १९२४ साली गेडिस प्रकृती बिघडल्याने मुंबई सोडून गेले आणि विभागाची धुरा घुर्यांकडे आली. घुर्यांचा मार्ग पुढे वेगळा झाला. ते जातीकडे, ग्रंथांकडे, भारतीय परंपरेच्या अभ्यासाकडे वळले. त्यांच्या हाताखाली एम. ए. करून इरावती कर्वे पुढे आल्या. गावोगाव हिंडून, माणसांत मिसळून लिहिणाऱ्या इरावतीबाईंच्या मागे एका पिढीच्या अंतरावर हा पायी फिरणारा स्कॉटिश माळी उभा आहे, हे मला महत्त्वाचे वाटते.

भारतात त्यांचे स्नेही कमी नव्हते. भगिनी निवेदितांशी ओळख १९०० सालची. जगदीशचंद्र बसूंचे चरित्र त्यांनी १९२० साली लिहिले. रवींद्रनाथांशी शिक्षणाबद्दल पत्रव्यवहार होता, आणि त्यांचा दुसरा मुलगा आर्थर याने रवींद्रनाथांच्या ग्रामसुधारणेच्या प्रयोगात काम केले. मुंबईनंतर त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा १९२५ साली दिला. त्यातल्या घरांच्या पुंजक्यांच्या मधोमध छोट्या सार्वजनिक बागा आहेत आणि ते शहर पुष्कळसे त्या आराखड्याप्रमाणे वाढले. शेवटची वर्षे फ्रान्समध्ये माँपेलिए इथे, तिथल्या खडकाळ टेकडीवर विद्यार्थ्यांसाठी उभारलेल्या वास्तूत आणि बागेत गेली. १७ एप्रिल १९३२ रोजी ते तिथेच वारले.

त्यांच्या भारतीय अहवालांतले निवडक उतारे जॅकलिन टायरविट यांनी १९४७ साली पुस्तकरूपाने आणले, आणि त्यानंतर युरोप-अमेरिकेत त्यांना नवे वाचक मिळाले. मुंबई इलाख्यातल्या सहा गावांवरचे १९१५ चे अहवाल महाराष्ट्र शासनाने १९६५ साली पुन्हा छापले. पुढच्याच वर्षी आपला प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. त्या कायद्याने आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती-सूचना मागवणे बंधनकारक केले. पण हरकत घेण्याची वेळ रेघ ओढून झाल्यावर येते. गेडिस लोकांकडे रेघेच्या आधी जात होते. आज आपल्या कोणत्याही शहरात रस्तारुंदीसाठी खुणा केलेल्या भिंती पाहिल्या की हा फरक किती जिवावरचा आहे, हे समजते.

त्यांच्या मर्यादाही या पुस्तकाने झाकू नयेत. ते गव्हर्नरांच्या आणि संस्थानिकांच्या बोलावण्यावरून येत, थोडे आठवडे राहत, अहवाल देत आणि पुढच्या शहराला निघत. अंमलबजावणी ज्यांच्या हाती असे, त्या इंजिनिअरांवर ते अहवालातच कडक टीका करत. बरेच अहवाल कपाटात राहिले याचे एक कारण तेही आहे. एका दिवसाच्या महाराजपदातून जे होते ते महाराजांच्या मर्जीवर उभे असते, हा प्रश्न त्यांनी पुरेसा विचारला नाही.

त्याहून मोठी उणीव इंदूरच्या त्या मिरवणुकीतच आहे. झाडूवाल्याला हार घालून पुढे चालवणे ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती, आणि त्यामागचा त्यांचा आदर अस्सल होता यात मला शंका नाही. पण तो झाडू पिढ्यानपिढ्या त्याच हातांत का, हे त्यांनी खोलात जाऊन विचारले नाही. त्याच १९१७ साली बाबासाहेब आंबेडकरांचा जातीच्या उगमावरचा शोधनिबंध छापून आला होता. वस्तीची रचना जातीने कशी बांधली आहे, गावकुसाबाहेर घरे का आहेत, पाणवठे वेगळे का आहेत, हे न विचारता विहीर साफ केली तरी ती सगळ्यांची होत नाही. गेडिस यांचा नकाशा हातात घेऊन आज चालणाऱ्याने ही नोंद त्यावर करायला हवी. त्यांच्या पद्धतीत तिला जागा आहे. त्यांनी ती भरली नाही.

या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी हे पुस्तक जरूर वाचावे, आणि नगरसेवकांनी, वॉर्ड ऑफिसात बसणाऱ्यांनी, सोसायटीच्या कमिट्यांनीही. पहिली प्रकरणे मागे ठेवून थेट तंजावर आणि बलरामपूरवरच्या प्रकरणांपासून सुरुवात केली तरी चालेल. तिथे पाहणी कशी करायची ते घरानिशी, विहिरीनिशी उलगडले आहे. मग इंदूर वाचावे. एडिंबरा त्यानंतर वाचले तर जेम्स कोर्टातल्या त्या चुन्याच्या हाताचे महत्त्व अधिक कळेल. आकृत्यांचे प्रकरण अवघड आहे, ते शेवटी घ्यावे. आणि वाचताना आपल्या स्वतःच्या वॉर्डाचा प्रत्येक घर दाखवणारा नकाशा शेजारी ठेवावा. नगर भूमापन कार्यालयात अर्ज केला की तो मिळतो.